फ्रेंच चित्रकार आँरी मातिसने उतारवयात ब्रश सोडून रंगीत कागद कापून चित्रं करायला कात्री का धरली? आजारपणामुळेच का?

आजारपण हे कारण खरं, पण अर्धंच. 1941 मध्ये कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि पुढची बरीच वर्षं खाटेवर नाहीतर चाकाच्या खुर्चीत गेली. ईझलसमोर, म्हणजे चित्राच्या घोडीसमोर, तासन्‌तास उभं राहणं संपलं. कात्री मात्र बसल्या जागी चालवता येते.

पण कागद कापणं त्याला नवीन नव्हतं. 1930च्या दशकात अमेरिकेतले कलासंग्राहक बार्न्स यांच्यासाठी ‘नृत्य’ हे भित्तिचित्र करताना तो रंगीत कागदाचे तुकडे सरकवून रचना ठरवत होताच. तेव्हा ती कामापुरती सोय होती, पुढे तेच चित्र झालं.

पद्धत अशी: मदतनीस मुली कागद ग्वाश या अपारदर्शक जलरंगाने रंगवून ठेवायच्या. मातिस आधी रेखाटन न करता थेट कापायचा. मग तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावायचे, आणि तो सांगेल तसे इंचभर वर, जरा डावीकडे. मनासारखं झाल्यावरच चिकटवायचे.

माझ्या मते याची मुळं 1905च्या पॅरिसच्या प्रदर्शनात आहेत. ‘टोपीवाली स्त्री’मध्ये चेहऱ्यावर चक्क हिरवा रंग होता, अशा भडक रंगांमुळे मातिस आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी जनावरं, म्हणून हिणवलं गेलं. रंग मोकळा झाला, तरी आधी रेषा आणि मग रंग ही दोन कामं वेगळीच राहिली. कात्रीने ती एकत्र आणली.

1953चं ‘गोगलगाय’ हे कापलेल्या कागदांचं चित्र पाहा, जवळजवळ तीन मीटर उंच आणि तितकंच रुंद. गोगलगाय शोधायला मात्र थोडा वेळ लागतो!