नाव सांगण्याआधी विचारलेला प्रश्न

महाविद्यालयीन विद्यार्थी समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेक जण आधी एकच गोष्ट विचारतात: इथे जे बोलू ते घरी, प्राचार्यांना किंवा पोलिसांना कळेल का? ज्या विद्यार्थिनीविषयी मी लिहीत आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), तिने हा प्रश्न दुसरीच्या नावाने विचारला. ‘मॅडम, माझ्या मैत्रिणीला तिच्या मित्राकडून त्रास होतोय. ती आली तर तुम्ही कोणाला सांगाल का?’ मैत्रीण म्हणजे ती स्वतःच असावी, असे मला वाटले. पण ते बोलून दाखवणे योग्य नव्हते.

मी तिला सांगितले की सज्ञान विद्यार्थी माझ्याशी जे बोलतो ते त्याच्या संमतीशिवाय पालक, शिक्षक किंवा तक्रार समितीपर्यंत जात नाही आणि माझ्या नोंदी कुलपात असतात. मात्र कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल, अल्पवयीन मुलावर अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाने आदेश दिला असेल, तर मला बोलावे लागते. तेव्हाही शक्यतो आधी विद्यार्थ्याला कल्पना देऊन, आणि गरजेपुरतेच. ‘कधीच कोणाला सांगणार नाही’ असा शब्द मी देत नाही, कारण तो एकदा मोडला की ते मूल पुढे कोणाहीकडे मदत मागायला धजावत नाही. शिक्षक किंवा वसतिगृहाचे अधीक्षक कितीही आपुलकीचे असले, तरी अनेक संस्थांमध्ये ऐकलेली घटना वर कळवण्याचे बंधन त्यांच्यावर असते, हेही मी तिला सांगितले.

थोडा वेळ थांबून ती म्हणाली, ‘ती मीच आहे.’

तिच्या मित्राकडे तिच्या फोनचे सगळे पासवर्ड होते, ती कुठे आहे हे त्याला सतत दिसत असे, आणि दोन दिवसांपूर्वी त्याने तिच्यावर शरीरसंबंधांची जबरदस्ती केली होती. कोणाला सांगितलेस तर फोटो पसरवीन, अशी धमकीही दिली होती. ‘आमचं नातं आहे, मग याला अत्याचार म्हणता येईल का? आणि मी ओरडलेसुद्धा नाही,’ हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नात्यात असणे म्हणजे प्रत्येक वेळी संमती असणे नव्हे, आणि तीव्र भीतीत शरीर गोठून जाणे ही आपोआप घडणारी प्रतिक्रिया आहे, हे मी तिला शांतपणे समजावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार प्रेमसंबंधात किंवा विवाहात राहिलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मुलींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. आपण एकटीच नाही, हे ऐकून ती पहिल्यांदा रडली.

तक्रारीचा निर्णय थांबू शकत होता, वैद्यकीय उपचार मात्र थांबू शकत नव्हते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. तातडीचे गर्भनिरोधक ५ दिवसांपर्यंत घेता येते, पण उशीर होईल तसा गोळ्यांचा परिणाम घटतो. शारीरिक पुरावेही लवकर नष्ट होतात, म्हणून त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवायला मी सुचवले. काही ठिकाणी रुग्णालयाला पोलिसांना कळवणे बंधनकारक असते, त्यामुळे तिचे नाव न सांगता मी आधी फोनवर तिथली पद्धत विचारली आणि ती ऐकून जायचे की नाही हे तिने ठरवले. ती त्याच दिवशी गेली.

गोपनीयतेला खरा धोका तिच्या फोनचाच होता, आणि याकडे फार कमी लक्ष दिले जाते. भेटीच्या वेळेचा साधा संदेशही तिचा मित्र वाचू शकला असता. सगळे पासवर्ड एकदम बदलले असते तर त्याला संशय आला असता, आणि नाते तोडण्याच्या सुमारास हिंसा वाढण्याचा धोका विशेष असतो. म्हणून आम्ही विश्वासू मैत्रिणीच्या फोनवरून संपर्क ठेवला आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह त्या मैत्रिणीकडेच जपले. खासगी फोटो संमतीशिवाय पसरवले जाऊ नयेत यासाठी २०२१ पासून ‘स्टॉप एनसीआयआय’ ही ऑनलाइन सेवा आहे. तिच्यात फोटो आपल्याच उपकरणावर राहतो, फक्त त्याची अंकीय खूण सहभागी समाजमाध्यमांकडे जाते आणि तोच फोटो तिथे टाकला गेल्यास तो ओळखून रोखता येतो. सर्वच संकेतस्थळे यात सहभागी नाहीत, हेही मी तिच्यापासून लपवले नाही.

परीक्षेच्या सवलतीसाठी दिलेल्या पत्रात मी ‘आरोग्याच्या कारणास्तव’ एवढेच लिहिले. पुढे तिने स्वतःहून मोठ्या बहिणीला माझ्या खोलीत बोलावून सारे सांगितले. तक्रारीच्या मुदती मी तिला लिहून दिल्या आहेत. निर्णय तिने अजून घेतलेला नाही आणि मी तो विचारतही नाही.

हीच भीती मुलग्यांनाही असते, आणि ते आणखी उशिरा येतात. तुम्ही कोणीही असा, नाव सांगण्याआधी समोरच्याला विचारा: तुमच्यावर कळवण्याचे बंधन आहे का, नोंदी कोण पाहू शकते, माझ्याशी संपर्क कसा साधाल? उत्तर सरळ मिळाले नाही, तर काहीही न सांगता उठून दुसरीकडे विचारायला जा.