हक्क शिकवले म्हणून पोरं डोक्यावर बसतात का?

पालकसभेत बालहक्कांचा विषय काढला की मागच्या रांगेतून एक वाक्य हमखास येतं: "मॅडम, तुम्ही हे शिकवाल आणि पोरं आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटतील."

हीच तक्रार घेऊन सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली आई माझ्याकडे आली. मुलगी चौथीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिला इथे गौरी म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत 20 नोव्हेंबरला बालहक्क दिन झाला, गौरीनं भाषण केलं, टाळ्या मिळाल्या. तेव्हापासून घरी कशालाही एकच उत्तर, "मला माझं मत मांडायचा हक्क आहे." मेथीची भाजी नको, हक्क. अभ्यास नंतर, हक्क. आजी तर म्हणू लागली, "ही शाळेत शिकायला जाते का भांडायला?"

गौरीला भाषण अजून तोंडपाठ होतं. 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली, 1992 मध्ये भारतानं ती मान्य केली, जगण्याचा, विकासाचा, संरक्षणाचा, सहभागाचा हक्क... सगळं एका दमात. मी विचारलं, "यातला शाळेत कुठला वापरलास?"

"शाळेत नाही वापरायचे. बाई रागावतात."

बोलता बोलता आई म्हणाली की पोरगी पाणीच पीत नाही, बाटली भरून नेते आणि तशीच भरलेली परत आणते. आईला ती हट्टाचीच आणखी एक तऱ्हा वाटत होती. गौरी मात्र खाली बघायला लागली. थोड्या वेळानं तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं: मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली. एक आत गेली की दुसरीनं दार धरून उभं राहायचं. सातवीतली दोन मुलं येता-जाता दारावर थापा मारतात. तास चालू असताना बाई सोडत नाहीत, मधल्या सुट्टीत ही रांग. म्हणून चौथीच्या चार-पाच मुलींनी आपापसात ठरवून टाकलं होतं, की शाळेत पाणी प्यायचंच नाही.

म्हणजे जिथे हक्काची खरी गरज होती, तिथे ही मुलगी तोंड मिटून होती. आणि जिथे बोललं तरी मार बसणार नाही याची खात्री होती, तिथे, आईसमोर, सगळे हक्क बाहेर पडत होते. उलटून बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी हे पुष्कळदा पाहते. हक्क फक्त भाषणापुरते शिकवले की असंच होणार.

आई तापली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना फैलावर घ्यायची तिची तयारी होती. मी म्हटलं, आधी शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. बहुतेक गावांत ही समिती सह्यांपुरतीच उरते, पण विषय मांडला की तो इतिवृत्तात येतो आणि शाळेला उत्तर द्यावं लागतं. (थापांच्या पुढे काही घडलं असतं तर सल्ला वेगळा होता, तेव्हा बैठकीची वाट बघायची नाही, 1098 या मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.)

बैठकीत गौरी आणि तिची मैत्रीण बोलल्या. मुख्याध्यापक म्हणाले, अनुदान आलं की बघू. एका मुलीच्या वडिलांनी त्याच संध्याकाळी कडी आणून बसवली. त्या दोन मुलांना सरांनी बोलावून घेतलं आणि थापा थांबल्या.

बाईंचा प्रश्न अवघड होता, आणि खोटाही नव्हता. "एकीला सोडलं की दहा जणी उठतात, मी शिकवू कधी?" तोडगा निघाला तो मुलांच्या बालसभेत. दाराजवळच्या खिळ्याला पुठ्ठ्याचे दोन बिल्ले टांगायचे, एक मुलींचा, एक मुलांचा. बिल्ला असेल तर न विचारता जायचं, नसेल तर थांबायचं. पहिले काही दिवस वर्गाची जत्रा झाली, बाई वैतागल्या. मग नवलाई ओसरली.

शाळेच्या भिंतीवर एक तक्ता आहे: "हक्क हवेत? आधी कर्तव्य पाळा." तो मला खटकतो. कर्तव्य शिकवावंच, पण गृहपाठ न केलेल्या पोरालाही लघवी लागते. पाणी, स्वच्छतागृह आणि मार न खाणं या काही बक्षिसात द्यायच्या गोष्टी नव्हेत. मारण्यावर आणि मानसिक छळावर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं बंदी आहे, आणि त्या बंदीला "मूल शहाण्यासारखं वागलं तर" अशी अट नाही.

घरचं काय? बालहक्क संहितेच्या कलम 12 मध्ये मुलांचं म्हणणं ऐकून त्यांचं वय आणि समज पाहून त्याला महत्त्व द्यावं असं आहे. ऐकलं म्हणजे मान्यच करायला हवं, असं कुठेही नाही. आईला मी एवढंच सुचवलं, की ज्यात निर्णय झालेला आहे तिथे मत विचारायचं नाटक करू नका. मेथी खायची, हे आईनं ठरवायचं; भाजी की पराठा, हे गौरीनं. झोपायची वेळ आईची, अभ्यासाला आधी कुठला विषय घ्यायचा ते तिचं. आणि मोबाइल मागितला तर सरळ सांगावं की ही तुझी इच्छा आहे, हक्क नाही. नाही म्हटल्यावर ती चिडेल, तर चिडू द्यावं.

गौरी अजूनही वाद घालते, पण आता कारण सांगून. बाटली बहुतेक वेळा रिकामी येते. पुढच्या पालकसभेत आईनं स्वतःच समितीसाठी नाव दिलं. सासूबाईंना ते मुळीच पटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या मला भेटायला येणार आहेत.