हेलीबरीचा इतिहास लिहिताना

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

हेलीबरीवरच्या लेखाचा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच ओळीत ‘१८०६ साली स्थापन झालेली शाळा’ असं लिहिलंस आणि पुढचं सगळं तिथूनच घसरलं. इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधल्या त्या आवारात दोन वेगळ्या संस्था नांदल्या. पहिली ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज. हिंदुस्थानात मुलकी नोकरीवर जाणारे तरुण तिथे तयार व्हायचे. ते १८०६ मध्ये हर्टफर्डच्या किल्ल्यात सुरू झालं, १८०९ मध्ये हेलीबरीला नव्या इमारतीत गेलं आणि जानेवारी १८५८ मध्ये बंद पडलं. दुसरी आजची शाळा. ती सप्टेंबर १८६२ मध्ये उघडली. मधली साडेचारहून अधिक वर्षं तिथे ना कॉलेज होतं ना शाळा. हा खड्डा नजरेआड झाला की माणसं चुकीच्या बाजूला जाऊन पडतात.

म्हणून आधी वहीच्या पानावर उभी रेघ मार. डावीकडे १८५८ पर्यंतचं, उजवीकडे १८६२ नंतरचं. प्रत्येक नाव कुठल्यातरी एकाच बाजूला बसलं पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ माल्थस डावीकडे: १८०५ मध्ये नेमणूक, १८३४ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथे प्राध्यापक. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला बार्टल फ्रिअरही डावीकडे. क्लेमंट ॲटली उजवीकडे. ज्याच्या सरकारने १९४७ चा भारतीय स्वातंत्र्याचा कायदा केला तो ॲटली या शाळेचा विद्यार्थी, कंपनीच्या कॉलेजचा नव्हे. लेखक किपलिंगचं काय, हे तू विचारशीलच. तो दोन्हीकडे नाही. डेव्हनमधल्या युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात तो शिकला. त्या शाळेचा वारसा पुढे इम्पीरियल सर्व्हिस कॉलेजात गेला आणि ते १९४२ मध्ये हेलीबरीत विलीन झालं. त्याच्या नावाचं हाऊस, म्हणजे शाळेतला विद्यार्थ्यांचा गट, आहे एवढ्यावरून त्याला तिथला विद्यार्थी करू नकोस. फ्रिअरच्या नावाचंही हाऊस आहे, पण शाळा उघडली त्या वर्षी तो मुंबईचा गव्हर्नर झाला होता.

मसुद्याबरोबर जोडलेलं चित्र बदल. ‘कंपनीच्या काळातलं हेलीबरी’ असं खाली लिहिलंस आणि चित्रात घुमट आहे. कंपनीच्या काळात वास्तुकार विल्यम विल्किन्सने बांधलं ते मोठं चौकोनी अंगण आणि बाहेरची ग्रीक खांबांची लांब दर्शनी बाजू. घुमट आर्थर ब्लोमफिल्डने बांधलेल्या चॅपलचा, म्हणजे शाळेच्या प्रार्थनामंदिराचा, १८७७ चा. घुमट दिसला की चित्र शाळेच्या काळातलं, एवढी खूण डोळ्यांत ठेवलीस तर चित्रांच्या निम्म्या चुका टळतील.

माणसांचा शोध लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात घ्यायचा. तिथली ‘जे/१’ ही मालिका म्हणजे रायटर्सचे अर्ज. रायटर ही कंपनीच्या मुलकी नोकरीतली पहिली पायरी. अर्जासोबत साधारणपणे बाप्तिस्म्याचा दाखला, शिक्षणाबद्दलची पत्रं आणि कंपनीच्या कुठल्या संचालकाने नाव सुचवलं त्याची नोंद मिळते. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. मालिका १७४९ पासूनची आहे, म्हणजे कॉलेजपेक्षा अर्ध्या शतकाहून जुनी. त्यामुळे अर्ज सापडला म्हणून माणूस हेलीबरीचा ठरत नाही. दाखल्यावरची तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. दोन्हींत कित्येक महिने जाऊ शकतात आणि वयाचा हिशेब चुकतो. शिवाय अर्ज करणं वेगळं, शिक्षण पुरं करून जहाजावर चढणं वेगळं. त्याचा पुरावा निराळा शोधावा लागतो.

फ्रिअरपासून सुरुवात कर, कारण त्याचा पुढचा माग आपल्याकडे लागतो. १८३४ मध्ये तो कॉलेजातून बाहेर पडला, १८४७ मध्ये साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, झाला आणि १८४९ मध्ये राज्य खालसा झाल्यावर तिथला कारभारही त्याच्याकडेच होता. मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला तोही त्याच्याच अमदानीत. पण माल्थसने त्याला अमुक शिकवलं, असं कागद हाती आल्याशिवाय लिहू नकोस. एकाच वर्षी दोघं तिथे होते, एवढंच आज म्हणता येतं.

कॉलेज का बंद पडलं, हे दोन ओळींत उरकलंस. तिथे सावकाश लिही. संचालकांच्या शिफारशीवर प्रवेश, हा त्याचा पाया होता. १८५३ च्या चार्टर कायद्याने शिफारस काढली आणि १८५५ पासून खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. पाया गेल्यावर इमारत उरली. त्या रिकाम्या इमारतीत शाळा काढायला पुढे आलेल्यांत स्टीफन ऑस्टिन होता. तो हर्टफर्डचा छापखानेवाला, कॉलेजची छपाई करणारा. पौर्वात्य भाषांचे छपाईचे खिळे (टाइप) त्याच्याकडे होते. मला हा माणूस गव्हर्नरांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याला एक परिच्छेद दे.

शब्दही जपून वापर. ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की आपला वाचक कधी सरकारी शाळा समजतो. इंग्लंडमध्ये ती फी घेणारी, सरकारी ताब्याबाहेरची शाळा. तिथल्या मुख्याध्यापकाला ‘मास्टर’ म्हणतात, तेव्हा आर्थर बटलरला ‘शिक्षक’ करू नकोस; तो शाळेचा पहिला प्रमुख.

उभ्या रेघेचं पान आधी पाठव. लेख त्यानंतर बघू.