कारच्या बीसीएममधले एरर कोड घरी कसे वाचायचे?

इकोस्पोर्टचं सेंट्रल लॉक अधूनमधून बंद पडतं आणि फोनवरचं स्कॅनर अ‍ॅप मात्र ‘एकही कोड नाही’ म्हणतं, असं तुम्ही लिहिलंय. ते अ‍ॅप बीसीएमला, म्हणजे लॉक, दिवे, वायपर सांभाळणाऱ्या ‘बॉडी कंट्रोल मॉड्यूल’ या छोट्या संगणकाला, काही विचारतच नाही. ओबीडी-२ चा, म्हणजे गाडीतले बिघाड वाचायच्या ठरलेल्या पद्धतीचा, सगळ्या गाड्यांना सारखा असलेला भाग प्रदूषणासाठी आखलेला आहे, त्यातून मुख्यतः इंजिन-गिअरबॉक्सचे ‘पी’चे कोड येतात. दारं, दिवे, वायपर यांचे ‘बी’चे कोड काढायला त्या कंपनीची भाषा येणारं सॉफ्टवेअर लागतं. फोर्डसाठी फोरस्कॅन घ्या. विंडोज लॅपटॉपवर कोड वाचण्यापुरतं ते फुकट आहे.

लॅपटॉप गाडीला जोडणाऱ्या अडॅप्टरवर मात्र पैसे वाचवू नका. फोर्डच्या ओबीडी सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनवर ५०० केबीपीएस वेगाची कॅन लाइन (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती वायरची जोडी) असते, ३ आणि ११ वर १२५ ची. दोन्ही लाइन वाचणारा यूएसबी ईएलएम३२७ प्रकारचा अडॅप्टर हवा. स्वस्त ब्लूटूथ डोंगल मध्येच कनेक्शन सोडतं, मग मॉड्यूल उत्तर देत नाही आणि ‘बीसीएम गेलं’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

जोडण्याआधी मल्टीमीटरने बॅटरी बघा. काही तास उभ्या गाडीत १२.४ व्होल्टपेक्षा कमी असेल तर आधी चार्ज करा. व्होल्टेज पडलं की अनेक मॉड्यूल यू३००३:१६ हा कोड साठवतात आणि खरा कोड त्या गर्दीत हरवतो.

इग्निशन ऑन, इंजिन बंद. सगळी मॉड्यूल स्कॅन करा, यादी सेव्ह करा. मगच कोड पुसा, लॉक दहा-बारा वेळा चालवा, दार उघडझाप करा आणि पुन्हा वाचा. परत आलेला कोडच कामाचा; बाकीचे बहुतेक जुने असतात, बॅटरी काढल्यावरचे वगैरे.

कोडनंतरचे, म्हणजे ‘:’ च्या पुढचे, दोन अंक नक्की वाचा, बरेच जण ते सोडून देतात. ११ म्हणजे वायर अर्थला शॉर्ट, १२ म्हणजे बॅटरीच्या प्लसला शॉर्ट, १३ म्हणजे सर्किट तुटलेलं. इंडिकेटरला एलईडी लावले असतील तर करंट इतका कमी होतो की बल्ब चालू असूनही १३ दिसू शकतो.

कोड सर्किट दाखवतो, पार्ट नाही. लॉकच्या बाबतीत मी सर्वात आधी ड्रायव्हरचं दार आणि बॉडी यांच्यामधलं रबरी बूट सरकवून आतल्या वायर बघेन. रोजच्या दुमडण्याने त्या तिथेच तुटतात, वरचं आवरण शाबूत राहून आतली तांब्याची तार जाते. लाइव्ह डेटात दार उघडं-बंद दाखवणारी ओळ लावा आणि बूट हलवत राहा. दार जागचं न हलता ती ओळ बदलली, तर तुटकी वायर सापडली. कोड आलाच नाही तरी ही तपासणी करा, कारण बीसीएम प्रत्येक वायरवर लक्ष ठेवत नाही.

फ्यूज मोठा घालून किंवा कोड पुसून शॉर्ट असलेलं सर्किट पुन्हापुन्हा चालवू नका. फोर्डच्या बऱ्याच बीसीएममध्ये शॉर्टची मोजणी होते. यू१००० दिसला की बीसीएमने त्या सर्किटचं आउटपुट बंद केलेलं असतं, शॉर्ट काढून ते परत सुरू करता येतं. यू३०००:४९ आला तर मॉड्यूलच बदलावं लागतं, आणि नव्या बीसीएममध्ये गाडीचं कॉन्फिगरेशन व चाव्या पुन्हा भरून घ्याव्या लागतात. म्हणून जुनं कॉन्फिगरेशन आत्ताच सेव्ह करून ठेवा.