पाण्याशिवाय प्रोटॉन वाहून नेणारा घन पदार्थ का बनवत नाहीत?

तुम्ही विचारलंय की फ्युएल सेलमधल्या (हायड्रोजनपासून थेट वीज बनवणाऱ्या उपकरणातल्या) नेफिऑनच्या, म्हणजे प्रोटॉन वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या, पडद्याला सतत ओलं ठेवावं लागतं, मग कोरडा घन पदार्थ का वापरत नाहीत. असे पदार्थ आहेत. पीएचडीची पाच वर्षं मी त्यांतल्याच एकावर, बेरियम झिर्कोनेट या सिरॅमिकवर घालवली.

प्रोटॉनला, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या हायड्रोजनला, स्वतःचा इलेक्ट्रॉन नसतो, त्यामुळे तो लिथियमच्या आयनासारखा मोकळा फिरत नाही. तो ऑक्सिजनला बिलगतो आणि शेजारच्या ऑक्सिजनवर उडी मारतो. पण एकदा उडी मारल्यावर पुढची जागा समोर यायला हवी. म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या गटाला वळता आलं पाहिजे. पाण्याचे रेणू सहज वळतात, म्हणून नेफिऑनला पाणी लागतं. शंभर अंशांवर पाणी उडालं की तिथला प्रवास थांबतो.

सीझियम हायड्रोजन सल्फेट या घन क्षारामध्ये हे वळणं फार सुंदर दिसतं. साधारण १४१ अंशांखाली त्यातले सल्फेट गट जागच्या जागी अडकलेले असतात. त्या तापमानाच्या वर स्फटिकाची रचना बदलते, गट गरगर फिरू लागतात आणि वाहकता हजारो पटींनी वाढते. संशोधक सोसिना हाइल यांच्या चमूने २००१ मध्ये त्याचा फ्युएल सेल करून दाखवला. पण हायड्रोजनच्या संपर्कात सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड होतं, म्हणून पुढे सीझियमच्याच फॉस्फेट क्षाराकडे वळावं लागलं. त्यालाही थोडी वाफ द्यावी लागते, नाहीतर ते स्वतःचं पाणी गमावून बसतं.

सिरॅमिकचा मार्ग वेगळा. १९८१ मध्ये जपानी संशोधक इवाहारा यांनी स्ट्रॉन्शियम सेरेट या सिरॅमिकमध्ये प्रोटॉन वाहतात हे दाखवलं. बेरियम झिर्कोनेटमध्ये काही झिर्कोनियमच्या जागी इट्रियम घातलं की ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या पडतात. वाफेचा एक रेणू अशी एक जागा भरतो आणि दोन प्रोटॉन देतो. मग इट्रियम वाढवतच का नेऊ नये? कारण प्रोटॉन इट्रियमच्याच आसपास रेंगाळतात. ज्याच्यामुळे ते आत आले, तेच त्यांना अडकवून ठेवतं. माझ्या मते या विषयातला खरा पेच हाच आहे.

आणि दाण्यांच्या, म्हणजे सिरॅमिक ज्या बारीक स्फटिकांचं बनतं त्यांच्या, सीमा! माझ्या पेलेटमध्ये (पावडर दाबून केलेल्या चकतीत) दाण्यांच्या आतला रोध किरकोळ असायचा, पण इम्पीडन्सच्या (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणाऱ्या रोधाच्या) आलेखात सीमांचा रोध दाखवणारं अर्धवर्तुळ त्याच्या कितीतरी पट मोठं यायचं. सीमेवर धन प्रभार साचतो, तो प्रोटॉनला मागे ढकलतो. सीमा कमी करायच्या तर दाणे मोठे हवेत, आणि त्यासाठी १६०० अंशांच्या वर भाजावं लागतं. तिथे बेरियम उडून जातं. ते राहावं म्हणून आम्ही पेलेट त्याच पावडरीत पुरून भट्टीत ठेवायचो. भाजण्याआधी थोडं निकेल ऑक्साइड मिसळलं की १४०० ते १५०० अंशांतच दाणे वाढतात. आम्हीही शेवटी तेच केलं, आणि सीमांचं ते अर्धवर्तुळ पहिल्यांदा लहान झालेलं पाहिलं.