बर्लिनमध्ये विलीन झालेलं एखादं जुनं गाव आज ओळखू येतं का?

तुम्ही विचारलंय की १९२० साली आजूबाजूची गावं आपल्यात घेऊन बर्लिन एकदम मोठं झालं, मग त्या गावांचं पुढे काय झालं, आणि त्यातलं एखादं आज जाऊन पाहता येतं का. मी रिक्सडॉर्फबद्दल सांगते. मी नॉयकोल्नमध्ये राहते. हा सगळा भाग म्हणजे मूळचं रिक्सडॉर्फ, आणि त्याच्या गावठाणातून माझं रोज जाणं-येणं असतं.

एक गोष्ट आधीच सांगते. १९२०च्या कायद्याने रिक्सडॉर्फ हे गाव संपलं असं बरेच जण समजतात, पण तसं झालं नाही. त्या वर्षी बर्लिनमध्ये आलं ते अडीच लाखांच्या आसपास वस्तीचं एक शहर होतं, आणि त्याचं नावही रिक्सडॉर्फ राहिलं नव्हतं. शेतं गेली, मग गावपण गेलं, मग नाव गेलं. हद्द सगळ्यात शेवटी पुसली गेली.

आधी जमीन समजून घ्या, नाहीतर इथले रस्ते असे का आहेत ते कळत नाही. हिमयुगात बर्फ वितळून वाहिलेल्या पाण्याने एक रुंद सखल पट्टा कोरला. जुनं बर्लिन त्या पट्ट्यात, श्प्रे नदीच्या काठी वसलं. पट्ट्याच्या दक्षिणेला टेल्टोचं पठार सुरू होतं. पठार म्हणजे सह्याद्रीसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका, चढ जेमतेम दहा-पंधरा मीटरांचा आहे. पण सपाट मुलखात तेवढाही पुरतो. रिक्सडॉर्फ या चढाच्या पायथ्याशी होतं. वर कोरडी, वाळूमिश्रित शेतजमीन, खाली श्प्रेच्या बाजूला ओलसर कुरणं, आणि पश्चिमेला रोलबेर्गं नावाच्या टेकड्या, ज्यांच्यावर पवनचक्क्या फिरत.

गावाचा दस्तऐवज १३६०चा आहे. योहानिटर नावाच्या धार्मिक-लष्करी पंथाची इथे एक वाडी होती. तिला त्यांनी त्या वर्षी रीतसर गावाचा दर्जा दिला. १४३५ साली पंथाने टेम्पेलहोफ आणि आसपासची गावं बर्लिन आणि कोल्न या जोडशहरांना विकून टाकली. (हे कोल्न म्हणजे र्‍हाइन नदीकाठचं मोठ्या चर्चचं शहर नव्हे. श्प्रेच्या बेटावर, बर्लिनच्या समोर वसलेलं हे वेगळंच गाव.) पुढे वाटणीत रिक्सडॉर्फ कोल्नकडे गेलं. म्हणजे शहराची मालकी इथे १९२०च्या कितीतरी आधीपासून होती. हा मुद्दा पुढे नावाच्या वेळी लागेल, लक्षात ठेवा.

त्यानंतरची तीनशे वर्षं इतर चार गावांसारखीच गेली. वेगळं घडलं ते १७३७ साली, आणि माझा जीव अडकलाय तो या भागात.

बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, १६२०च्या व्हाइट माउंटनच्या लढाईत प्रोटेस्टंट हरले. मग तिथे राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या कॅथलिक हाब्सबुर्ग घराण्याने त्यांच्या मागे कॅथलिक होण्याचा तगादा लावला. कित्येक कुटुंबं पिढ्यानपिढ्या चोरून आपली प्रार्थना करत राहिली आणि संधी मिळाली तशी सीमा ओलांडत गेली. प्रशियाचा (बर्लिन राजधानी असलेल्या तेव्हाच्या जर्मन राज्याचा) राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याला ओसाड मुलखात कष्टाळू माणसं हवीच होती. त्याने रिक्सडॉर्फमधली जमीन विकत घेऊन अशा अठरा कुटुंबांना दिली. नऊ जोडघरं बांधली, एकेका घरात दोन कुटुंबं. वर प्रत्येकाला घोडे, गाई आणि शेतीची अवजारं. घरांच्या मागे लांबलचक, अरुंद पट्ट्यांची जमीन आणि रस्त्याकडे घराची अरुंद, त्रिकोणी माथ्याची बाजू, अशी ती आखणी आजही रिशार्डश्ट्रासेवर दिसते.

हे निर्वासित चेक बोलत, जुने रहिवासी जर्मन. प्रार्थना वेगळी, शाळा वेगळी. अखेर १७९७ला बोहेमियन वस्तीला स्वतःचा कारभार मिळाला, आणि एकाच ठिकाणी जर्मन रिक्सडॉर्फ आणि बोहेमियन रिक्सडॉर्फ अशी दोन गावं नांदू लागली. ही दोन गावं एक झाली ती थेट १ जानेवारी १८७४ला.

आता शहराकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिनचे कारखाने वाढले, कामगार लोटले, शहरात भाडी परवडेनात. रिक्सडॉर्फ शहराला लागूनच होतं. शेतकऱ्यांनी पट्टे विकले आणि त्यांवर पाच-पाच मजली भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या, एका चौकामागे दुसरा चौक, त्यामागे तिसरा, आतल्या खोल्यांना ऊन माहीत नाही. एकत्र आलेलं गाव तेव्हा प्रशियातलं सगळ्यात मोठं खेडं म्हणून ओळखलं जाई. १८९९ला त्याला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा वस्ती नव्वद हजारांच्या घरात होती. नव्वद हजार माणसं आणि कारभार ग्रामपंचायतीचा! १९१०च्या खानेसुमारीत हाच आकडा २,३७,००० वर गेला.

याच काळात रिक्सडॉर्फचं नाव बर्लिनभर झालं ते बिअरच्या बागा आणि नाचाच्या हॉलांसाठी. रविवारी कामगार बायकापोरांसह इथे येत. रिक्सडॉर्फच्या गाण्याबजावण्यावरचं एक पोल्का गीत तर घराघरात गुणगुणलं जाई. नगरपालिकेतल्या प्रतिष्ठितांना मात्र त्याची लाज वाटू लागली. चांगला कर भरणारी माणसं इथे घर घेत नाहीत, नावच बदनाम आहे, असं त्यांचं म्हणणं. मग २७ जानेवारी १९१२ला, कैसर (जर्मन सम्राट) विल्हेल्म दुसरा याच्या वाढदिवशी, त्याच्या मंजुरीने रिक्सडॉर्फचं नॉयकोल्न झालं.

आता मघाचा मुद्दा. नवं नाव निवडलं ते कोल्नवरून, ज्या शहराच्या मालकीचं हे गाव कधीकाळी होतं त्याच्यावरून! मला हा निर्णय अजिबात पटत नाही. गरिबी नावामुळे आली नव्हती, त्यामुळे नाव बदलून ती जाणारही नव्हती. कामगार राबायचे बर्लिनच्या कारखान्यांत, कारखान्यांचा कर जायचा बर्लिनला, आणि त्यांच्या मुलांच्या शाळा, दवाखाने, गटारं यांचा खर्च मात्र नॉयकोल्नने उचलायचा. खरं दुखणं हे होतं.

म्हणूनच १९२०च्या विलीनीकरणाला शार्लोटेनबुर्गसारख्या श्रीमंत शहरांनी कडवा विरोध केला, तर नॉयकोल्नसारख्या कामगार वस्तीला त्यात फायदा दिसत होता. २७ एप्रिलला प्रशियाच्या विधिमंडळात कायदा थोडक्या मतांच्या फरकाने मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९२० पासून लागू झाला. बर्लिनखेरीज सात शहरं, ५९ गावं आणि २७ जहागिरी एकत्र आल्या. क्षेत्रफळ ६६ चौरस किलोमीटरवरून ८७८ वर, लोकसंख्या १९ लाखांवरून ३८ लाखांवर. नॉयकोल्न हा त्यातला चौदावा विभाग झाला, आणि ब्रिट्स, बुको, रूडो ही दक्षिणेकडची तीन गावं त्याला जोडली गेली.

तर मग आज काय दिसतं? भुयारी रेल्वेच्या यू-७ मार्गावर कार्ल-मार्क्स-श्ट्रासे स्थानकाला उतरा. वर गर्दी, तुर्की बेकऱ्या, अरबी मिठाईची दुकानं, मोबाइलच्या टपऱ्या. पूर्वेकडे पाच-सात मिनिटं चालत गेलात की रिशार्डप्लात्स लागतो. लांबट आकाराची गावाची मोकळी जागा, दगडी फरसबंदी, मधोमध लोहारशाळा. या लोहारशाळेची नोंद १६२४पासून सापडते. एका टोकाला गावचं पंधराव्या शतकातलं चर्च आहे. १८८४ला ते बोहेमियन लोकांकडे आलं, आता त्याला बेथलेहेम चर्च म्हणतात.

हे गावठाण टिकलं कसं, याचं माझं उत्तर असं: व्यापार आणि रहदारी जवळच्या मोठ्या रस्त्यावर, म्हणजे आजच्या कार्ल-मार्क्स-श्ट्रासेवर, सरकली. गावाच्या मधल्या जागेला त्यामुळे पूर्वीइतका भाव उरला नाही, आणि बोहेमियन कुटुंबं आपल्या जमिनी सहजासहजी सोडणाऱ्यांतली नव्हती.

तिथून किर्शगासे या गल्लीत जा. १९०९पर्यंत तिचं नाव चेकमध्ये होतं, ‘मला उलिच्का’, म्हणजे छोटी गल्ली. क्रमांक ५ची इमारत म्हणजे बोहेमियन लोकांनी १७५३ला बांधलेली शाळा. तिच्या त्रिकोणी भिंतीवर वरच्या बाजूला एक पेला कोरलाय. प्रार्थनेतला द्राक्षरस सामान्य माणसालाही मिळाला पाहिजे, यासाठी यान हुस या चेक धर्मसुधारकाच्या अनुयायांनी बोहेमियात लढा दिला होता, त्याची ती खूण. आत आता छोटं संग्रहालय आहे, पण उघडण्याच्या वेळा मोजक्याच, आधी बघून घ्या. गल्लीत राजाचा पुतळा आहे. आसरा दिल्याबद्दल त्या निर्वासितांच्या वंशजांनी तो १९१२ला उभारला. त्याच वर्षी गावाचं नाव गेलं.

थोडं पुढे बोहेमियन दफनभूमी आहे, १७५१पासूनची. हेर्नहूट या प्रोटेस्टंट पंथाच्या भागात थडग्यांचे दगड जमिनीला समांतर, साधे, सगळे एकसारखे. श्रीमंत-गरीब फरक नाही, पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या. जुन्या दगडांवर चेक अक्षरं अजून वाचता येतात.

भूगोलात रस असेल तर क्योर्नरपार्क चुकवू नका. पठाराच्या कडेला इथे रेतीची खाण होती. शहराच्या इमारतींना लागणारा माल अशाच खाणींतून निघे. खाणीच्या मालकाने १९१०च्या सुमारास ती जागा शहराला दिली, आणि खड्डा न बुजवता त्यातच बाग केली. रस्त्यावरून खाली डोकावलं की कित्येक मीटर खोल कारंजी आणि हिरवळ दिसते, भोवती उंच भिंती. पठाराची कड किती आणि कशी कापली गेली, ते इथे उभं राहिल्यावर नीट कळतं.

जायचं झालं तर डिसेंबरात, दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी दुसऱ्या) शनिवार-रविवारी जा. तेव्हा रिशार्डप्लात्सवर बाजार भरतो. बहुतेक ठेले सामाजिक संस्थांचे असतात. गर्दी टाळायची असेल तर दुपारीच पोहोचा. अंधार पडल्यावर चौकात पाय ठेवायला जागा नसते. आणि तिथे कोणी तुम्हाला कुठे राहता विचारलं आणि तुम्ही नॉयकोल्न म्हणालात, तर एखादे आजोबा हमखास दुरुस्ती करतील: “रिक्सडॉर्फ म्हणा.”