'भुट्टे का कीस' मधला कीस कुठला?

पुण्याच्या एक ताई चार दिवस इंदूर फिरून गेल्या, रात्री सराफ्यात, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात रात्री लागणाऱ्या खाऊगल्लीत, भुट्टे का कीस खाल्ला, फार आवडला, आणि आता प्रवासाबद्दल लिहायला बसल्यावर याच शब्दाशी अडल्यात. सोबतचे एकजण म्हणाले की कीस म्हणजे 'कणीस'चाच अपभ्रंश, मधला ण गळाला. हॉटेलातला वेटर 'खीस' म्हणाला, आणि एका मेन्यूकार्डावर चक्क 'किस' छापलेलं होतं. तर ताईंचा प्रश्न असा की खरा शब्द कोणता, तो मराठी की हिंदी, आणि मराठीत लिहिताना काय लिहायचं.

ताई, कीस हाच बरोबर, त्यातला 'की' दीर्घ, आणि तो आपल्या किसण्यातला. किसणीवर किसलं की खाली परातीत पडतो तो कीस. कणसाशी त्याचं काही नातं नाही, कानाला जवळचे वाटतात एवढंच. भुट्टा म्हणजेच कणीस, मग 'भुट्टे का कणीस' असं कोण कशाला म्हणेल? आणि ण गळून कीस झाला असता तर बटाट्याचा कीस कुठून आला असता, बटाट्याला कुठे कणीस असतं!

खरं तर बटाट्याच्या किसातच तुमचं उत्तर आहे. उपासाला आपण काय करतो, बटाटा किसतो, तुपात जिरं-मिरची टाकून त्यात तो परततो, झाकण ठेवून वाफ आणतो, वरून दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, झाला कीस. रताळ्याचाही तसाच. आता याच कढईतून बटाटा काढा आणि माळव्यातला कोवळा भुट्टा घाला, कूट जाऊन दूध आलं, वरून ओलं खोबरं-कोथिंबीर आली, लिंबू पिळलं, की झाला आमचा भुट्ट्याचा कीस. माल माळव्याचा आणि रीत मराठी घरातली, असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण नाव पदार्थाला उगाच चिकटत नाही, जो हात काम करतो त्याच्या तोंडचंच नाव बहुतेक राहतं.

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आजी श्रावणात पाटावर बसून भुट्टे किसायची ते अजून डोळ्यापुढे आहे. समोर परात, तिच्यात पितळी किसणी तिरकी टेकवलेली, भुट्टा उभा धरून वरून खाली एकाच दिशेने ओढायचा, एक बाजू झाली की थोडासा फिरवायचा, दाण्यांची सालं बरीचशी बुरकुंडाला, म्हणजे कणसाच्या मधल्या दांड्यालाच राहायची आणि खाली पडायचा तो दुधाळ, थोडा रवाळ थर. सगळे भुट्टे झाले की ती सुरीच्या पाठीने प्रत्येक बुरकुंड पुन्हा खरवडायची, कारण खरं दूध तिथेच अडकून राहतं. मग तुपात मोहरी, हिंग, आलं-मिरची, हळद, आणि कीस टाकल्यावर हात थांबवायचा नाही, तो खाली लागतो. रंग बदलून कच्चा वास गेला की थोडं थोडं दूध, ते आटलं की पुन्हा थोडं. आम्हा मुलांचं काम बुरकुंडं गायीला नेऊन घालायचं.

आता हिंदीकडे बघू. प्रमाण हिंदीत किसण्याला कद्दूकस करना म्हणतात, तो शब्द फारसीतून आला, मूळ कद्दूकश, कश म्हणजे ओढणारा. आपल्याकडचा भरतकामाचा कशिदा त्याच 'ओढणे' वरून आलाय, तिथे दोरा ओढतात, इथे भोपळा. मेरठ किंवा लखनौकडच्या माणसाला म्हणून कीस शब्द ओळखीचा वाटत नाही, तो आपल्या ओळखीचा आवाज त्यात शोधतो, आणि त्याला सापडतो खीस. हिंदीत खीस म्हणजे गाय व्याल्यावरचं पहिलं दूध, आपला चीक, ज्याचा खरवस होतो. दुधात शिजवलेला पदार्थ आहे म्हटल्यावर वेटरला खीस बरोबरच वाटला असणार, त्याची चूक समजण्यासारखी आहे पण ती चूकच. आणि ऱ्हस्व 'किस' लिहिला तर हिंदीत त्याचा अर्थ होतो 'कोणत्या', किस गली में वाला किस, शिवाय इंग्रजी शब्द आठवून पर्यटक हसतात ते वेगळंच. इंदुरात मात्र हिंदी बोलणाऱ्या घरांतूनही किसना, किसनी सर्रास ऐकू येतं, आमच्या शेजारच्या जैन काकू कधी कद्दूकस म्हणत नाहीत.

शब्द इथे रुजला याचं नवल वाटायला नको. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, दरबाराबरोबर कारकून, भटजी, आचारी अशी मराठी घरं वाढत गेली, आणि राजवाड्यापासून सराफा चार पावलांवर. शब्द किती दूर जाणार होता? पोह्यांचंही तसंच, फक्त तिथे हिंदीने अनेकवचनी 'पोहे' चा एकवचनी 'पोहा' करून घेतला. उसळ-पोहे मागा, उसळ तशीच्या तशी आहे. साबुदाण्याची खिचडी तर सराफ्यात रात्री बाराला लोक उपास नसताना खातात.

मला या शब्दातलं जे सगळ्यात आवडतं ते सांगतो. मराठीत पदार्थाचं नाव खूपदा हाताने काय केलं त्यावरून पडतं. ठेचला तो ठेचा, कुटलं ते कूट, वाटलं ते वाटण, भरडली ती भरड, किसला तो कीस. आणि यात गोंधळ चालत नाही, ओला नारळ आपण खोवतो आणि सुकं खोबरं किसतो. ओल्या नारळाला कुणी कीस म्हणालं तर आजी लगेच दुरुस्त करायची, त्याचा चव असतो म्हणायची. पडणाऱ्या गोष्टीचा आकार, ओल, धार सगळं त्या एका शब्दात असतं. गुजरातीतही हे आहे, माझी मावशी बडोद्याला असते, तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा कळलं की खमणवुं म्हणजे किसणं आणि खमणी म्हणजे किसणी, खोबऱ्याच्या किसालाही खमण म्हणतात. आपण दुकानात पिवळं मऊ खमण मागतो तेव्हा त्या नावात किसणी बसलेली आहे हे मनातही येत नाही. बडोद्याला गेलात तर सुरती खमणी जरूर मागा, मोकळी, भुरभुरीत असते, नावाचा अर्थ जिभेला कळतो.

म्हणूनच हल्ली जे होतं त्याचं वाईट वाटतं. पुष्कळ ठिकाणी भुट्टे किसतच नाहीत, दाणे सोलून मिक्सरला फिरवतात, तेही अमेरिकन स्वीटकॉर्नचे. तो पाणचट होतो, गोड होतो, आणि सालीसकट वाटल्यामुळे त्याचा लगदा होतो. गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन एका चकाचक हॉटेलात गेलो, मेन्यूत कॉर्न कीस लिहिलेलं, आलं ते चमच्यावरून घसरणारं वाटण, वर चीज. पाहुणे बिचारे छान म्हणाले, मला मात्र घास गिळवेना, कारण त्यांनी घरी जाऊन यालाच कीस म्हणायचं होतं. चव ज्याची त्याची, पण जे किसलेलं नाही त्याला कीस म्हणू नये हे माझं ठाम मत आहे. पुढच्या वेळी पावसाळ्यात या, देशी भुट्टा तेव्हाच मिळतो, सराफ्याची दुकानं बंद होऊन खाऊगल्ली लागते ती रात्री आठ-नऊनंतर, आणि कढईजवळ उभं राहून सरळ विचारा, भैया, किसा हुआ है या मिक्सी का? ज्याने किसलाय तो खुशीने सांगतो.

राहिलं लिहायचं. एक, कीस पुल्लिंगी आहे, तुम्ही प्रश्नात 'कीस खाल्लं' लिहिलंय, मराठीत कीस खाल्ला. दोन, पुढे प्रत्यय लागला की 'की' ऱ्हस्व होते, फूल-फुलाला तसं कीस-किसाला, किसात, किसावर. हिंदीत हे होत नाही, कीस में, कीस पर, तिथे दीर्घच राहतो, म्हणून दोन्हीकडे वावरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हातून 'कीसात' लिहिलं जातं. तीन, 'भुट्टेचा कीस' नको, भुट्टा-भुट्ट्याचा.

आणि मक्याचा की भुट्ट्याचा? मक्याचा चुकीचा नाही, कणसाचा कीस म्हटलंत तरी अर्थ पोचतो, पण मका म्हटलं की पुण्यात आता पिवळे सोललेले दाणे डोळ्यापुढे येतात. भुट्टा शब्द विदर्भातही चालतो, परका नाही. इंदूरच्या मराठी घरांत आम्ही भुट्ट्याचा कीसच म्हणतो. एखाद्या गाडीचं किंवा पाटीचं वर्णन करत असाल तर तिथे जसं आहे तसं 'भुट्टे का कीस' ठेवा, आणि तुम्ही स्वतः खाल्लात ते सांगताना भुट्ट्याचा कीस लिहा.